एकवीस दिवसांचं पत्रक

इंदूरच्या सुदामानगरातल्या मावशींनी माझ्यापुढे एक गुळगुळीत पत्रक सरकवलं. '२१ दिवसांत कोकेनमुक्ती, खास इंजेक्शनने.' जाऊबाईंच्या मुलासाठी आगाऊ रक्कम भरायची होती. "तू विज्ञानावर लिहितोस ना, बघ बरं."

मला ते इंजेक्शनच खटकलं. माळव्याला अफूची ओळख जुनी. मंदसौर-नीमचची शेतं काही लांब नाहीत. अफू-हेरॉइनच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे आणि ते कामी येतं. कोकेनसाठी मान्यता मिळालेलं असं एकही औषध नाही. सोडल्यावर येणाऱ्या नैराश्यासाठी डॉक्टर गोळ्या देतात, ते वेगळं.

डोपामिन हे मेंदूतलं मजेची जाणीव जागवणारं रसायन. ते परत आत ओढून घेणारी वाट कोकेन अडवतं. डोपामिन साचतं, मजा येते, थोड्याच वेळात ओसरते आणि पुन्हा हवीशी वाटते. अंगातून कोकेन काही दिवसांत जातं. त्या मित्रांशी, त्या खोलीशी, रात्रीच्या त्या वेळेशी जुळलेली ओढ मात्र महिनोन्‌महिने राहते. म्हणूनच खरा उपचार सुरू होतो तो घरी आल्यावर.

त्यातला सर्वांत भक्कम पुराव्याचा उपाय ऐकून मावशींना हसूच आलं. आठवड्यातून दोन-तीनदा लघवी तपासायची. कोकेनचा अंश सापडला नाही, की तिथल्या तिथे कूपन. सलग स्वच्छ नमुने दिले की रक्कम वाढते, एकदा घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेतल्या व्हर्माँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९४ साली ४० जणांवरचा असा अभ्यास मांडला. कूपनवाल्यांपैकी ७५ टक्के लोक २४ आठवडे उपचारात टिकले. तेच समुपदेशन पण कूपन नाही, अशांपैकी ४० टक्के. अभ्यास छोटा, पण पुढच्या कितीतरी अभ्यासांचा कौलही याच बाजूने पडला.

"म्हणजे लाचच की रे!"

"पोहे-जिलेबीची म्हणा हवं तर." 'दहा वर्षांनी तब्येत छान राहील' हे आज तलफ आलेल्या मेंदूला ऐकूच जात नाही, आत्ता हातात पडलेलं कूपन त्याला कळतं. जोडीला तलफेचे प्रसंग ओळखून ते टाळायला शिकवणारं समुपदेशन हवंच.

मग आम्ही पत्रकाच्या पाठीवर प्रश्न लिहिले. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मनोविकारतज्ज्ञ येतात का? कोंडून, बांधून तर ठेवत नाहीत? (२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला बंदी आहे.) घरी सोडल्यावर लघवी किती दिवसांनी तपासता? सरकारची १४४४६ ही हेल्पलाइनही खाली लिहून दिली.

मावशींनी स्पीकरवर फोन लावला आणि शेवटचा, लघवी तपासण्याचा प्रश्नच आधी विचारला.

पलीकडून उत्तर आलं, "उसकी ज़रूरत ही नहीं पड़ती, माताजी."