पुढचा म्हणतो साठ, मागचा म्हणतो ऐंशी

मोटरसायकलींच्या ग्रुप राइडमध्ये पहिला थांबा आला की एक संवाद हमखास ऐकू येतो. सगळ्यात पुढे असलेला हेल्मेट काढता काढता म्हणतो, "आज अगदी निवांत आलो, काटा साठच्या वर गेलाच नाही." शेवटून आलेला हातमोजे ओढत म्हणतो, "निवांत? मी ऐंशीने हाणत होतो, तरी तुम्ही दिसेनात!" मग थोडी चिडवाचिडवी होते, कुणीतरी शेवटच्याच्या स्पीडोमीटरवरच शंका घेतं, आणि विषय तिथेच राहतो.

दोघंही खरं बोलत असतात. रस्ता तोच, अंतर तेच, लागलेला वेळही जवळपास तोच. तरी नागमोडी रस्त्यावर रांगेच्या डोक्याला आणि शेपटीला दोन वेगवेगळ्या राइड घडतात. मी बरीच वर्षं शेवटून येतोय. आधी नवखा म्हणून, आता ‘स्वीप’ म्हणून, म्हणजे कुणी मागे राहिलं तर त्याच्यासोबत थांबणारा. त्यामुळे या शेपटीच्या भौतिकशास्त्राशी माझी ओळख जरा जवळची आहे.

बारा बाइक एकामागे एक चालल्यात असं धरू. प्रत्येकाने पुढच्यापासून दोन सेकंदांचं अंतर ठेवलंय. म्हणजे पुढची बाइक एखाद्या खांबापाशी दिसली की मनात सावकाश दोन सेकंद मोजायचे, आणि ते संपताना आपण त्या खांबापाशी असायचं. ताशी ६० किलोमीटर वेगाला हे दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर. पुढे वळण आलं, सगळे ताशी ३० वर उतरले, की तेच दोन सेकंद १७ मीटरांत मावतात. बारा बाइकमध्ये फटी अकरा. म्हणजे सरळ पट्ट्यावर साडेतीनशे मीटरहून लांब असलेली रांग वळणात १८० मीटरांवर येते आणि वळण संपलं की पुन्हा पसरते. गांडूळ चालतं ना, तसं.

आता शेवटच्याच्या जागी बसून पाहा. तो अजून वळणात आहे, ताशी ३० ने. त्याच्या पुढचा वळणातून सुटला आणि त्याने थ्रॉटल पिळला. १७ मीटरांवर असलेला त्याचा लाल दिवा बघता बघता ३३ मीटरांवर गेला. अंतर खरं तर तेवढंच आहे, दोन सेकंद. पण डोळ्याला सेकंद दिसत नाहीत, मीटर दिसतात. फट दुप्पट झाली, आपण मागे पडलो, असं मन ओरडतं आणि उजवं मनगट आपोआप फिरतं. ग्रुप राइडमधली निम्मी घाई या एका दृष्टिभ्रमातून जन्मते, असं माझं ठाम मत आहे.

उरलेली निम्मी खऱ्या उशिरातून येते. पुढच्याचा ब्रेकलाइट लागला की आपण ब्रेक लावतो, पण थोडा उशिरा, आणि उशीर झाला म्हणून थोडा जास्त जोरात. आपल्या मागचा त्याहून जोरात. वळणातून सुटतानाही प्रत्येक जण आधी खात्री करतो आणि मग वेग घेतो. प्रत्येकाने दर वेळी फक्त अर्धा सेकंद गमावला तरी अकरा जणांचे मिळून साडेपाच सेकंद शेवटच्याच्या खात्यात जमा होतात. पुढे अर्ध्या किलोमीटरचा सरळ पट्टा असेल, तर लीड, म्हणजे सगळ्यात पुढचा, तो ताशी ६० ने ३० सेकंदांत पार करतो. शेवटच्याला तो साडेचोवीस सेकंदांत संपवायला हवा. म्हणजे सरासरी ताशी ७३. आणि सरासरी ७३ हवी असेल तर मधे कुठेतरी काटा ऐंशीला टेकणारच. हातमोजे ओढणाऱ्या गड्याचा हिशेब इथे चोख जुळतो.

छोट्या चुका मागे सरकताना मोठ्या होतात, हे वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. २००८ मध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना सांगितलं, ताशी ३० च्या आसपास सावकाश चालवत राहा. ना सिग्नल, ना खड्डा, ना वळणाचं निमित्त. काही वेळ सगळं सुरळीत चाललं, मग कुणाचा तरी वेग जरासा ढळला, मागच्यांनी तो वाढवत नेला, आणि चक्क वाहतूककोंडी तयार झाली. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडीची लाट ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे. वर्तुळात ती लाट फिरत राहते. आपल्या रांगेत तिला एक शेवट असतो, आणि त्या शेवटावर एक माणूस बसलेला असतो.

ऐंशीने पुढच्या वळणाशी येणाऱ्या या माणसाचं काय होतं? वळण ताशी ४० चं आहे असं समजू. साठवरून चाळीसवर यायला, बऱ्यापैकी खंबीर ब्रेक लावला तर, १५ मीटर पुरतात. ऐंशीवरून चाळीसवर यायला तोच ब्रेक ३७ मीटर घेतो. वेग वाढला फक्त वीसने, पण ब्रेकला जिरवावी लागते ती गतिज ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. त्यात ब्रेकपर्यंत बोटं पोचायला लागणारा सेकंदभर धरा, आणखी २२ मीटर. एवढा रस्ता हाताशी नसेल, तर स्वार चाळीसऐवजी पन्नासने वळणात शिरतो.

दहाच तर जास्त! पण वळणातही पुन्हा तोच वर्ग आडवा येतो. बाइक किती कलवावी लागते हे दोनच गोष्टी ठरवतात, वेगाचा वर्ग आणि वळणाची त्रिज्या. २५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० ने घ्यायला सुमारे २७ अंश कल लागतो, ५० ने घ्यायला ३८ अंश. वजनाचा यात काही संबंध नाही, बरं का. दोनशे किलोची बाइक असो की सव्वाशेची, मागे सामान असो की नसो, एकाच वेगाला एकाच वळणात साधारण तेवढंच झुकावं लागतं. (रुंद टायरला किंचित जास्त.) भारी बाइक म्हणून वळणात चिकटून बसते, या गप्पा थांब्यावरच ठीक.

टायरच्या पकडीचा हिशेब त्याहून कडक. कोरडं, स्वच्छ डांबर बाइकच्या वजनाच्या साधारण ०.८ ते १ पट एवढं आडवं बल देऊ शकतं. ०.९ धरू. चाळीसने वळताना त्यातलं ०.५ खर्च होतं, पन्नासने ०.७९. पकड ही एकच थैली आहे, वळायलाही त्यातूनच द्यायचं आणि ब्रेकलाही. फक्त ही दोन बलं एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून वजाबाकी साधी नाही, वर्गांची करायची. चाळीसवाल्याने वळणात अचानक गाय, ट्रॅक्टर काहीही पाहिलं, तर ब्रेकसाठी त्याच्याकडे जवळपास ०.७५ शिल्लक असते. पन्नासवाल्याकडे ०.४३. ओल्या रस्त्यावर तर ०.७९ मिळण्याचीच खात्री नाही, आणि वळणाच्या तोंडावर खडी सांडलेली असेल तर विचारूच नका.

बाइक कलते कशी, ही वेगळीच गंमत. डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे वळतं, टायर खालून उजवीकडे सरकतात, आणि बाइक डावीकडे कलते. सायकल चालवणारा प्रत्येक जण हे नकळत करतो. विमान उडवण्याआधी सायकलींचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइट यांनी अनेकांना विचारलं होतं, तुम्ही डावीकडे कसे वळता? पहिल्या फटक्यात बरोबर सांगणारा त्यांना भेटला नाही. हात जाणतात, डोकं जाणत नाही. म्हणूनच वळण अपेक्षेपेक्षा आवळत गेलं की घाबरलेला स्वार मूठ ढकलायची सोडून ब्रेक दाबतो. कललेल्या बाइकचा पुढचा ब्रेक जोरात लावला की ती उभी राहू पाहते, आणि उभी बाइक सरळ जाते, वळणाबाहेर. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने ९०० हून अधिक मोटरसायकल अपघात तपासून १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यात दुसरं कुठलंच वाहन नसलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांचं मूळ स्वाराच्या चुकीत निघालं. नमुनेदार चुका दोन: जास्त ब्रेक लावून घसरणं, किंवा जास्त वेगामुळे, पुरेसं न झुकल्यामुळे वळणात बाहेर फेकलं जाणं.

शिवाय या सगळ्याची खबर शरीराला नीट लागतच नाही. समतोल वळणात गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर यांची बेरीज नेमकी आपल्या कण्याच्या दिशेने येते. आतल्या कानाला वाटतं आपण ताठ बसलोय, फक्त जरा जड झालोय. ३० अंशांच्या कलाला सुमारे १५ टक्के जड. डोळेही फसवतात. काही वेळ ऐंशीने पळाल्यावर मेंदू त्या वेगाला सरावतो आणि मग पन्नास म्हणजे रांगतोय असं वाटतं. पाठलाग करत आलेल्यालाच वळण सोपं भासतं.

आणि नजर असते कुठे? १९९४ मध्ये मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. वळण घेताना चालकाची नजर वळणाच्या आतल्या कडेवरच्या एका बिंदूवर खिळते, आणि तीही वळण सुरू होण्याच्या एक-दोन सेकंद आधीपासून. रांगेतला स्वार मात्र पुढच्याच्या लाल दिव्याला डोळे लावून बसतो. एकदा माझ्या पुढचा वळणात रुंद गेला, टायर कडेच्या मातीत, धूळ उडाली. मी चार मीटर मोकळं डांबर सोडून, सावलीसारखा, त्याच मातीत. दोघंही उभे राहिलो म्हणून हे लिहितोय. माझ्या टायरच्या चरींत अडकलेली खडी थांब्यावर किल्लीने उकरताना लक्षात आलं, की त्या अख्ख्या वळणात मी रस्ता पाहिलाच नव्हता.

जुन्या क्लबांनी समीकरणं न मांडता यावर उपाय काढलेत. नवख्याला शेपटीला न ठेवता लीडच्या लगेच मागे ठेवायचं, कारण तिथे लाट अजून जन्मलेली नसते. शेपटीला मुरलेला माणूस. सरळ पट्ट्यावर तिरक्या दुहेरी रांगेत चालायचं, पण वळणं सुरू झाली की एकेरी, कारण वळणात प्रत्येकाला अख्खी लेन लागते. बाराचे दोन गट केले की शेवटच्याच्या खात्यातला उशीर निम्म्याहून खाली येतो. आणि मला सर्वांत आवडणारी युक्ती: प्रत्येक फाट्यावर लीडच्या मागचा थांबतो, सगळ्यांना वाट दाखवतो आणि स्वीप आला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. मग पुढचा दिवा नजरेआड झाला तरी चुकायची भीती नाही, म्हणून पाठलागही नाही. लाटेला मागे सरकायला जी साखळी लागते तिची कडीच निखळते.

मागच्या राइडला आम्ही बरोबर बारा होतो. मी ठरवून फट मीटरांत पाहिली नाही, खांब पाहत सेकंद मोजत राहिलो. समोरचा रस्ता अनेकदा रिकामा दिसला, मनगट शिवशिवलं, पण काटा ६३ च्या वर जाऊ दिला नाही. थांब्यावर पोचून बाइक स्टँडला लावली तेव्हा लीडचं हेल्मेट अजून डोक्यावरच होतं, आणि त्याने एकच हातमोजा काढला होता.