अर्थसंकल्प, कंपनी कायदा आणि कुलाब्याचे खासदार

जानेवारी १९५६ मधला एकच आठवडा घ्या. १६ तारखेला पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असं जाहीर केलं आणि शहर पेटलं. १८ तारखेला नव्या कंपनी कायद्यावर राष्ट्रपतींची मोहर उमटली. १९ तारखेच्या संध्याकाळी त्याच आकाशवाणीवर अर्थमंत्री बोलायला आले आणि आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत असल्याचं त्यांनी देशाला सांगितलं. हे अर्थमंत्री म्हणजे चिंतामणराव देशमुख, १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेलेले.

पहिल्या घोषणेपायी त्यांनी पुढे मंत्रिपद सोडलं, आणि ती हकिकत मराठी माणसाला तोंडपाठ आहे. बाकीच्या दोन मात्र आपण विसरून गेलो. अर्थमंत्री म्हणून देशमुखांनी काय केलं हे त्या दोनांवाचून कळत नाही. अर्थसंकल्प आणि कंपनी कायदा ही त्यांच्या लेखी दोन वेगळी खाती नव्हतीच, असं माझं मत आहे.

यातल्या अर्थसंकल्पाच्या बाजूला मराठी परंपरा जुनी आहे. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात पहिल्यांदा अर्थसंकल्पावर बोलले. सभासदांना तेव्हा बोलण्यापुरता हक्क होता, मतदानाचा नव्हता. सरकार तिजोरीतली शिल्लक कौतुकाने दाखवत होतं. गोखल्यांनी तेच आकडे उलटे वाचले. रुपयाचा भाव कृत्रिमरीत्या चढवल्यामुळे विलायतेला पाठवायच्या रकमेला कमी रुपये लागतात आणि कर मात्र जुन्याच दराने वसूल होतात. मग उरलेला पैसा रयतेचा, सरकारच्या कर्तबगारीचा नव्हे. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. मताचा अधिकार नसलेल्या सभागृहात नुसत्या हिशेबाच्या जोरावर एवढं पदरात पडणं काही थोडकं नाही.

कंपनी कायद्याची कुळकथा एवढी उजळ नाही. मर्यादित जबाबदारीचं तत्त्व, म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याच्या शेअरपुरतंच, हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने आलं. त्यानंतर आठ वर्षांत मुंबईने शेअरचं वेड आणि त्याचा शेवट दोन्ही पाहिलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि समुद्र हटवून जमीन करायला निघालेल्या कंपन्यांचे कागद १८६५ मध्ये रद्दीच्या मोलाचे झाले. १८६६ मध्ये कायदा सुधारला, १९१३ मध्ये नवा आला. बहुतेक वेळा विलायतेतला कायदा उचलायचा आणि इथे बसवायचा अशीच रीत होती. त्यामुळे इथल्या धंद्याचं खास दुखणं कायद्याच्या नजरेत उशिरा आलं.

ते दुखणं म्हणजे मॅनेजिंग एजन्सी. गिरणी काढायची तर भांडवल जमवणारं, यंत्रं मागवणारं, बँकेत पत असलेलं कोणीतरी लागे. एखादी पेढी ते सगळं करी आणि मोबदल्यात गिरणीचा कारभार कराराने वर्षानुवर्षं स्वतःकडे ठेवी. संचालक मंडळ असे, भागधारकांची सभाही भरे, पण किल्ल्या एजंटाच्या कमरेला. मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्यांत दलाली ठरली होती सुताच्या पौंडामागे पाव आणा. गिरणीने वर्षाला १० लाख पौंड सूत कातलं असं धरा. अडीच लाख आणे, म्हणजे १५,६२५ रुपये एजंटाचे. गिरणीला नफा झाला की तोटा, याचा त्या रकमेशी संबंध नाही. सूत पडून राहिलं तरी कातत राहण्यात एजंटाचा फायदा, आणि तोटा भागधारकाच्या माथी. पुढे दलाली विक्रीवर आणि नफ्यावर मोजली जाऊ लागली, तरी कापूस खरेदीपासून विम्यापर्यंत मधल्या कमिशनच्या वाटा उघड्याच राहिल्या.

या पद्धतीला सरसकट शिव्या घालणंही बरोबर नाही. बँका कारखान्यांना लांब मुदतीचं कर्ज देत नव्हत्या, तेव्हा एजंटाचीच पत कामी आली. टाटांचा पोलाद कारखाना याच पद्धतीत उभा राहिला. पण १९३६ च्या दुरुस्तीने कराराला २० वर्षांची मर्यादा घातली तरी पकड सुटली नाही. महायुद्धात नफा फुगला, तेव्हा चालत्या गिरण्यांची एजन्सीच विकत घेण्याचे सौदे सुरू झाले. भागधारकाला आपला मालक बदलल्याचं कळायचं ते सौदा झाल्यावर.

देशमुख अर्थमंत्री झाले १९५० मध्ये, जॉन मथाई राजीनामा देऊन गेल्यावर. त्याआधी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, जागतिक चलनव्यवस्था ठरवणाऱ्या ब्रेटन वुड्स परिषदेला जाऊन आलेले. हिशेबाची शिस्त अंगात मुरलेली. त्याच वर्षी कुंवरजी होर्मसजी भाभा यांची समिती कंपनी कायद्यासाठी नेमली गेली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. तोवर थांबायला वेळ नव्हता, म्हणून १९५१ मध्ये वटहुकूम काढून एजन्सीच्या खरेदी-विक्रीला सरकारी मंजुरीची अट घातली गेली.

घाई का, ते त्यांच्या अर्थसंकल्पांत दिसतं. पहिल्या पंचवार्षिक योजनेत सुमारे २,००० कोटींचा खर्च धरलेला, आणि त्यातली तुटीच्या अर्थभरणाने, म्हणजे ढोबळमानाने नव्या नोटा काढून, भागवायची रक्कम २९० कोटी, तीही लंडनला साठलेल्या स्टर्लिंग शिलकीच्या, म्हणजे भारताच्या नावावरच्या पौंडांच्या, भरवशावर. बाकीचा पैसा करातून, कर्जातून आणि लोकांच्या बचतीतून यायचा होता. नफा हिशेबात उतरण्याआधीच एजंटाच्या खिशात गेला तर कर बसवणार कशावर? आणि ज्याच्या शेअरची एकदा माती झाली, तो मास्तर किंवा कारकून पुन्हा भांडवल घालायला येईल का? १९५३ मध्ये मृत्युकर, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, आला, १९५५ मध्ये नव्या यंत्रांवर करसवलत आली, आणि १९५६-५७ च्या अर्थसंकल्पात बोनस शेअरवर (भागधारकांना फुकट दिलेल्या जादा शेअरवर) व प्रमाणाबाहेर वाटलेल्या लाभांशावर कर आला. नफा यंत्रात घालणाऱ्याला सूट आणि वाटून मोकळं होणाऱ्याला चाप, असा तो रोख होता.

दुसऱ्या योजनेत मात्र तुटीचा आकडा १,२०० कोटींवर गेला. योजनेसाठी नेमलेल्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळातले बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्येच भिन्नमतपत्रिका जोडून एवढा खर्च पेलणार नाही असं बजावलं होतं. स्वतः काटेकोर असलेल्या देशमुखांनी हा आकडा मान्य केला, आणि त्यांच्या कारकिर्दीतला हाच भाग मला सर्वांत कच्चा वाटतो.

कंपनी विधेयक लोकसभेत आलं सप्टेंबर १९५३ मध्ये आणि पुढची दोन वर्षं संयुक्त समिती आणि दोन्ही सभागृहांत घोळत राहिलं. डाव्या बाकांना मॅनेजिंग एजन्सी ताबडतोब गाडायची होती. दुसरीकडे जी. डी. सोमाणी, तुळशीदास किलाचंद यांच्यासारखे उद्योगपती खासदार म्हणूनच समोर बसलेले. देशमुखांनी मधली वाट काढली. एजन्सी बंद केली नाही, तिला आवळलं. एजंटाचा मोबदला निव्वळ नफ्याच्या १० टक्क्यांपर्यंत, व्यवस्थापनाचा सगळा मिळून ११ टक्क्यांपर्यंत. नफा नसेल किंवा अपुरा असेल तर वर्षाला ५० हजारांपर्यंत. म्हणजे १० लाख नफ्याच्या कंपनीत एजंटाला फार तर एक लाख, आणि सूत किती कातलं हा प्रश्नच उरला नाही. जुन्या करारांना १५ ऑगस्ट १९६० ही शेवटची तारीख दिली. त्यानंतर एका एजंटाकडे १० पेक्षा जास्त कंपन्या नाहीत. कोणत्या उद्योगांत ही पद्धत अजिबात नको, ते ठरवायचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला. कायद्याची कलमं झाली ६५८. वकिलांनी आणि सनदी लेखापालांनी तेव्हा कपाळाला हात लावला असेल तर नवल नाही.

विम्याचंही मूळ याच मातीत. विमा कंपन्यांकडे साठलेला लोकांचा पैसा त्यांचे चालक आपल्याच दुसऱ्या धंद्यांत फिरवत होते. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत अशा व्यवहारांची लक्तरं मांडली. महिन्या-दीड महिन्यात आकाशवाणीवरचं ते भाषण झालं, आणि २४५ विमा संस्थांचा कारभार सरकारकडे आला. कंपनीला नियमांत बसवायला निघालेला मंत्री विम्यापुरता थेट मालकीवर का आला, हे त्यावरून उमगतं.

कंपनी कायदा १ एप्रिल १९५६ ला अमलात आला. जुलैमध्ये देशमुखांनी लोकसभेत राजीनाम्याचं निवेदन केलं, मुंबईतल्या गोळीबाराच्या चौकशीची मागणी केली आणि ते बाहेर पडले. १५ ऑगस्ट १९६० ची ती मुदत उजाडली तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. मॅनेजिंग एजन्सी कायमची गेली ती ३ एप्रिल १९७० ला. त्याच्या आदल्या वर्षी ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढून तिसरे आले होते. त्यांच्या पाठीशी जनसंघ होता आणि कंपन्यांवरच्या सरकारी बंधनांना उभा विरोध करणारा स्वतंत्र पक्षही होता.