घटिकापात्र

घटिका म्हणजे २४ मिनिटांचा काळ मोजण्यासाठी पाण्यावर सोडायचे तांब्याचे अर्धगोल पात्र. घटी, घटीयंत्र, घटका ही त्याचीच नावे. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत चढत जाते आणि पात्र बुडाले की एक घटका भरते. अहोरात्राच्या घटका ६०, घटकेची पळे ६०. म्हणजे पळ २४ सेकंदांचे.

उगम : वेदांगज्योतिष हा प्राचीन ज्योतिषग्रंथ व कौटिल्याचे अर्थशास्त्र यांतील नाडिका (नालिका) हे यंत्र वेगळे, त्यात पाणी भांड्यातून बाहेर गळते. चार माष (वजनाचे लहान माप) सोन्याच्या चार अंगुळे (बोटे) लांब तारेएवढे छिद्र आणि त्यातून गळणारे एक आढक (धारणेचे जुने माप) पाणी, असे अर्थशास्त्रातील माप आहे. वेदांगज्योतिषात सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा (मुहूर्त म्हणजे दोन घटका) व सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा दिला आहे. हे ३:२ गुणोत्तर बाबिलोनी गणितातही असल्यामुळे विज्ञानेतिहासकार डेव्हिड पिंग्री यांनी हे ज्ञान तिकडून आल्याचे मत मांडले. मात्र ते गुणोत्तर सुमारे ३५° अक्षांशाला, म्हणजे उपखंडाच्या वायव्य टोकालाही जुळते. केवळ त्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. शिवाय बुडत्या पात्राला हा युक्तिवाद लागू करता येत नाही. असे पात्र ग्रंथांतून साधारणपणे इ. स. चौथ्या-पाचव्या शतकापासून स्पष्ट दिसू लागते. इराणात कनातीच्या (भूमिगत कालव्याच्या) पाण्याचे वाटे मोजायलाही असाच वाडगा वापरत. त्याचा व भारतीय पात्राचा संबंध अनिर्णित आहे.

घडण : सिद्धांतग्रंथांतील (खगोलगणिताच्या ग्रंथांतील) एका प्रचलित मापानुसार तांबे १० पल (वजनाचे माप), उंची ६ अंगुळे, तोंडाचा व्यास १२ अंगुळे. अंगुळ १.८ सेंमी. व पल ४० ग्रॅ. धरल्यास पात्रात सुमारे २.६ लिटर पाणी मावते आणि पत्रा जेमतेम अर्धा-पाऊण मिमी. जाडीचा येतो. भास्कराचार्यांनी (सिद्धांतशिरोमणी, ११५०) ही मापे युक्तिशून्य व दुर्घट ठरवली. पात्र हवे तसे घडवावे, ते अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्राला भागावे, असे ते सांगतात. कारागिराच्या दृष्टीने हेच शहाणपणाचे. प्रत्यक्षातही छिद्र आधी लहान ठेवून कानशीने थोडेथोडे मोठे करणे सोपे, मोठे झालेले बुजवणे अवघड.

पाणी आत ढकलणारा दाब आतल्या व बाहेरच्या पातळ्यांतील फरकावर ठरतो आणि तो फरक पात्राच्या वजनामुळे पडतो. वरील मापाच्या पात्रात तो सुरुवातीला सुमारे साडेतीन सेंमी. असतो व काठाशी एक सेंमी.च्या आसपास उतरतो. त्यामुळे आतले पाणी सारख्या गतीने वाढत नाही. पोटात समान अंतरावर रेघा मारून पळे मोजू गेल्यास फसगत होते. काठ पाण्याला टेकताच मात्र पात्र क्षणात गडप होते, म्हणून घटकेचा शेवट नेमका कळतो.

दोष : गाळ किंवा क्षाराचे कीट छिद्रात बसले की घटका लांबते. छिद्रात हवेचा बुडबुडा अडकला तरी तेच. थंडीत पाण्याची श्यानता (दाटपणा) वाढून ते सावकाश चढते. पात्र कलते सोडले, घंगाळाच्या कडेला घासले किंवा आत थेंब राहिले, तर काळ बदलतो. बुडालेले पात्र उपसून पुन्हा सोडायला दर वेळी पाच सेकंद गेले, तरी दिवसाकाठी पाच मिनिटांची तूट येते.

वापर : सातव्या शतकात चिनी बौद्ध प्रवासी इत्सिंगने भारतीय विहारांतील अशा पात्राची नोंद केली आहे. बाबराच्या आत्मचरित्रात घडियाली (पात्रावर लक्ष ठेवून घटकांचे ठोके देणारे) व त्यांच्या पितळी थाळीचे वर्णन येते. रात्री जागे झालेल्याला नुसत्या ठोक्यांवरून प्रहर कळेना, म्हणून घटकेमागोमाग प्रहराचेही ठोके देण्याची आज्ञा त्याने केली. मराठी ‘तास’ शब्द वाडगा या अर्थाच्या फार्सी ‘तास’वरून आला असावा. ‘घड्याळ’ शब्दाचा पूर्वार्ध घटी हाच. उत्तरार्धाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत.

महाराष्ट्रात लग्नघटकेसाठी सूर्योदयाला किंवा सूर्यास्ताला घंगाळात पात्र सोडण्याची चाल होती. भास्कराचार्यांची कन्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लीलावतीच्या लग्नात मोती पडून छिद्र बुजल्याची प्रसिद्ध कथा अकबराच्या दरबारातील कवी फैजीने केलेल्या ‘लीलावती’ ग्रंथाच्या फार्सी भाषांतरात (१५८७) येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तिला आधार नाही.