चाळिशी लागली म्हणून रायफल ठेवून देऊ नका

‘डोळ्याला चाळिशी लागली की नेमबाजी संपली,’ हे रेंजवर वर्षानुवर्षं ऐकू येतं. साफ चूक. पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंची नळीच्या) टार्गेट रायफलला मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणेत, बारीक छिद्र असतं. त्यातून पाहिलं की पुढच्या साइटची रिंग आणि काळं लक्ष्य, दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. वर चष्म्याचं भिंगही चालतं. राहिला खांद्याला बसणारा धक्का. या रायफलच्या रिमफायर काडतुसात पिन बुडाच्या कडेवर आपटते, दारू चिमूटभर, धक्का नावालाच. कस लागतो तो श्वासाचा: ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं! कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेमबाजी) जगज्जेत्या झाल्या. पहिलं ऑलिंपिक खेळल्या ते थेट टोकियोत, वय वर्षं ४०.