लच्छी

लक्ष्मी या देवीचे महाराष्ट्री प्राकृतातील नाव. ‘लक्ष्मी’चा वैदिक अर्थ खूण, चिन्ह. अथर्ववेदात पुण्य आणि पापी अशा दोन्ही प्रकारच्या लक्ष्मी येतात. देवीचे नाव म्हणून हा शब्द नंतर रूढ झाला.

प्राकृतात ‘क्ष’ला दोन वाटा फुटतात : ‘क्ख’ आणि ‘च्छ’. पालीत लक्खी, महाराष्ट्रीत लच्छी. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात मच्छिआ, उच्छू, कुच्छी, छेत्त या शब्दांच्याच पंक्तीला लच्छी बसते. धनपालाने इ.स. ९७२ मध्ये धाकट्या बहिणीसाठी रचलेल्या प्राकृत कोशाचे नावही ‘पाइअलच्छी’, म्हणजे प्राकृताची लक्ष्मी.

मराठीत येताना या ‘च्छ’चा स किंवा श झाला. मच्छिआची माशी झाली, उच्छूचा ऊस, कुच्छीची कूस, छेत्ताचे शेत. (वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात, पण ते कसणारा शेतकरीच, छेत्त तिथेही टिकून आहे.) लच्छी याच वाटेने आली असती तर आज आपण ‘लाशी’ म्हणालो असतो. तसे झाले नाही. माशीचे नाव कोणी पोथीत पाहून सुधारत नाही. देवीचे नाव मात्र स्तोत्रांतून आणि पूजेतून संस्कृत रूपात सतत कानावर पडत राहिले आणि घरातल्या रूपाची जागा त्याने घेतली.

देवीचे दुसरे नाव श्री, प्राकृतात सिरी. हे रूप विदर्भाच्या मातीतच सापडले आहे. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहन नाण्यांचा मोठा साठा मिळाला; त्यांवर राजाच्या नावाआधी ‘सिरि’ कोरलेले आहे. पुढे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने महाराष्ट्रीत महाकाव्य रचले. प्राकृत ही इथल्या टाकसाळीची आणि दरबाराचीही भाषा होती, हे विदर्भात अभिमानाने सांगावे असे आहे.

भाद्रपदात इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात, त्यांना विदर्भात महालक्ष्म्या म्हणतात. फुलोरा बांधला जातो, पुरणपोळी आणि ज्वारीच्या आंबिलीचा नैवेद्य असतो. नाव संस्कृतच, पण जात्यावरच्या ओवीत ते ‘लक्षुमी’ होते. हा अपभ्रष्ट उच्चार समजून हसण्यासारखा नाही. श्रीची सिरी करताना प्राकृताने जोडाक्षर फोडून मध्ये ‘इ’ घातली; ओवी गाणाऱ्या बाईने ‘उ’ घातला.