रात्री फुलून पहाटे नदीत उतरणारं समुद्रफळ

जपानच्या नकाशात नैऋत्येच्या टोकाकडे बोट सरकवत गेलं, की इरिओमोते हे बेट सापडतं. टोकियोपेक्षा तैवान इथून कितीतरी जवळ. बेटावर विमानतळ नाही. शेजारच्या इशिगाकीहून बोटीनं जायचं. जवळपास २९० चौरस किलोमीटरच्या या बेटाचा बहुतेक भाग जंगलानं झाकलेला आहे आणि २०२१ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांत सामील झालं. जूनअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत इथे येणारे बरेचसे लोक एका झाडासाठी येतात. अंधार असतानाच उठतात, छोट्या होड्या वल्हवत नदीत शिरतात आणि दिवस उजाडायची वाट पाहत थांबतात.

झाडाचं जपानी नाव सागारीबाना, म्हणजे लोंबणारं फूल. शास्त्रीय नाव बॅरिंग्टोनिया रेसमोसा. आपल्याला ते परकं वाटायचं कारण नाही, कारण हेच झाड कोकण-गोव्यात आणि केरळात खाडीकाठी, पाणथळीत वाढतं. आपण त्याला समुद्रफळ म्हणतो, कुठे निवर म्हणतात. लाल फुलांच्या माळा लोंबणारी त्याची एक बहीण आहे, बॅरिंग्टोनिया अक्युटँगुला. तिलाही समुद्रफळच म्हणतात, त्यामुळे नावावरून गोंधळ होतो. देवळांच्या आवारात दिसणारा कैलासपतीही याच कुळातला.

इरिओमोते साधारण २४ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या जरासं वर आहे. म्हणजे उष्ण कटिबंध नुकताच संपलेला. पण कुरोशिओ हा उबदार सागरी प्रवाह तैवानला वळसा घालून याच भागातून उत्तरेकडे जातो, आणि थंडीतही हवा फारशी गारठत नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत पसरलेलं हे झाड इथे आपल्या उत्तर सीमेजवळ येऊन पोचलं आहे. त्याचं फळ धागेदार आणि हलकं असतं, पाण्यावर तरंगत दूर जातं. समुद्रानं आणून टाकलेलं झाड म्हटलं तरी चालेल. ते राहतं मात्र खारफुटीच्या मागे, जिथे गोड्या पाण्याचा ओलावा असतो.

आता फुलाकडे येऊ. माळेवरची कळी हिरवट, गोल आणि पूर्ण बंद असते. संध्याकाळ झाली की तिचं कवच दोन ते चार तुकड्यांत फाटतं आणि आतून पाकळ्या उलगडतात. पाकळ्या चारच, फिकट आणि साध्या. खरं रूप आहे ते पुंकेसरांचं. पांढरे किंवा गुलाबी छटेचे असंख्य तंतू चारी बाजूंना पसरतात आणि फुलाचा झुबकेदार कुंचला होतो. दिवसा फुलणाऱ्या फुलांत पाकळी मिरवते, इथे तंतू मिरवतात. यामागे कारण आहे. अंधारात रंग कामाचा नाही. फिकटपणा आणि गोड, दाट वास कामाचा. तो वास पकडून येतात पतंग, त्यांत लांब सोंडेचे, हवेत स्थिर राहून मध पिणारे हॉकमॉथ असतात. मध तंतूंच्या बुडाशी आहे. तिथवर सोंड न्यायची तर अंगाला पराग लागणारच.

म्हणून रात्री जाल तेव्हा टॉर्च झाडावर रोखू नका, ही माझी कळकळीची विनंती. लाल प्रकाश पतंगांना फारसा दिसत नाही, तेवढा पुरे. फोटो चांगला यावा म्हणून फुलाचा पाहुणाच हाकलून लावणं मला पटत नाही.

एका फुलाचं आयुष्य एका रात्रीचं. सूर्य वर यायच्या सुमारास ते गळतं, आणि गळतं ते तुकड्या-तुकड्यांनी नाही. पुंकेसर बुडाशी एकमेकांना चिकटून नळी झालेली असते आणि पाकळ्या त्या नळीला जोडलेल्या असतात. त्यामुळे सगळा झुबका एकसंध सुटतो, टप् असा आवाज होतो आणि तंतू वर करून तो पाण्यावर तरंगू लागतो. पाठोपाठ दुसरा, तिसरा. थोड्याच वेळात नदीचा कोपरा फुलांनी भरून जातो. भरती असेल तर होडी आतपर्यंत जाते; ओहोटी लागली की फुलं प्रवाहाबरोबर समुद्राकडे निघतात. म्हणून तिथे जाण्याआधी घड्याळाइतकंच भरती-ओहोटीचं वेळापत्रकही पाहावं लागतं.

खाली पाहून झालं की मान वर करा. बरेच जण इथेच चुकतात. गळलेल्या फुलाची जागा रिकामी नसते. स्त्रीकेसराचा लांब, बारीक दोरा माळेवर तसाच लटकत असतो, टोकाला परागाची वाट पाहणारं बारीक तोंड. रात्री पतंगानं काम केलं असेल तर त्याच्या बुडाशी फळ धरेल. त्याच माळेवर शेजारी आज संध्याकाळी फुटणाऱ्या कळ्या, बंद, हिरव्या, नखाएवढ्या.