ऑपरेशननंतर की ऑपरेशनमुळे?

शेजारच्या काकूंचा गुडघा पाच वर्षं दुखत होता. मे महिन्यात तर त्या कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत जिना उतरायच्या. मग दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आणि दिवाळीत त्या पणत्या ठेवायला थेट गच्चीवर गेल्या. "ऑपरेशनमुळे फरक पडला बघ," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. पण त्यांनी अनुभवलं ते 'ऑपरेशननंतर' एवढंच. 'मुळे' हा शब्द त्यांनी पदरचा जोडलाय. कावळा बसायला नि फांदी तुटायला, ही म्हण काकूंच्याच तोंडी दिवसातून दोनदा असते, पण गुडघ्याच्या बाबतीत ती आठवत नाही.

जुनाट दुखण्यात ही गल्लत जास्तच होते, कारण असं दुखणं एकाच पट्टीत राहत नाही. कधी चढतं, कधी उतरतं. माणूस डॉक्टरकडे जातो तो अगदी असह्य झाल्यावर, आणि त्यानंतर दुखणं बहुतेक वेळा थोडं ओसरतंच. त्याच सुमारास तेल चोळलं तर श्रेय तेलाला, पट्टा बांधला तर पट्ट्याला. ऑपरेशनबरोबर तर सक्तीची विश्रांती, नेमाने केलेला व्यायाम आणि 'आता सुटलो' ही खात्रीही येते. यातलं नेमकं कशानं बरं वाटलं, ते कसं ओळखायचं?

अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली या सर्जनने ते करून पाहिलं. झिजलेल्या गुडघ्याचे 180 रुग्ण घेतले. काहींचा सांधा दुर्बिणीने धुतला, काहींचा आतून खरवडून साफ केला. उरलेल्यांच्या त्वचेवर फक्त छोटे छेद दिले. मोझलींनी हत्यारं मागितली, पाय हलवला, सांधा धुतल्यासारखा आवाज यावा म्हणून पाणीही उडवलं, पण दुर्बीण आत घातलीच नाही. कुणाला काय द्यायचं ते सर्जनलाही थिएटरमध्ये पाकीट फोडल्यावरच कळायचं. कदाचित आपलं ऑपरेशन लुटुपुटूचं असेल, हे रुग्णांनी आधीच स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. निकाल 2002 साली छापून आला. दोन वर्षांच्या पाहणीत खऱ्या ऑपरेशनवाल्यांना लुटुपुटूवाल्यांपेक्षा एकदाही जास्त आराम पडलेला दिसला नाही. फिनलंडमध्येही, गुडघ्याची गादी झिजून फाटलेल्या 146 जणांवर असाच प्रयोग झाला, त्याचा निकाल 2013 मध्ये आला. वर्षभरानंतरचं चित्र तेच.

म्हणजे त्यांचं दुखणं मनाचं होतं, असा अर्थ काढू नका. दुखत होतं आणि कमीही झालं, दोन्ही खरं. फक्त त्या कमी होण्याचं श्रेय आतल्या खरवडण्याला देता येत नाही.

मला स्वतःला यापेक्षा ब्रिटनमधला खांद्याचा प्रयोग जास्त आवडतो, कारण त्यात तिसरा गट होता. खांद्याच्या दुखण्यासाठी वरच्या हाडाचा टोकाचा भाग घासून जागा करतात. 313 रुग्णांपैकी काहींवर ते ऑपरेशन केलं, काहींच्या खांद्यात दुर्बीण घातली पण हाड घासलं नाही, आणि काहींना काहीच केलं नाही. सहा महिन्यांनी 48 पैकी गुण मोजले (जास्त गुण म्हणजे खांदा चांगला). हाड घासलेल्यांना सरासरी 32.7, नुसती दुर्बीण घातलेल्यांना 34.2, काहीच न केलेल्यांना 29.4. तिसरा गट नसता तर 'दोन्हींनी सारखाच गुण येतो' म्हणून दोन्ही चालू राहिली असती. तो होता म्हणून कळलं की काहीच न करण्याच्या तुलनेतही फरक जेमतेम आहे, रुग्णाला जाणवेल की नाही इतका.

हे वाचून काकूंच्या सूनबाईंनी मला विचारलं, "मग गुडघा बदलणंही थोतांडच का?" नाही. एका ऑपरेशनचा निकाल दुसऱ्याला चिकटवता येत नाही. डेन्मार्कमध्ये 100 जणांवर अभ्यास झाला, त्याचा निकाल 2015 मध्ये आला. निम्म्यांचा गुडघा बदलून वर व्यायाम, आहार, औषधं दिली. निम्म्यांना फक्त व्यायाम, आहार, औषधं. वर्षभराने गुडघा बदललेल्यांची सुधारणा दुसऱ्या गटाच्या साधारण दुप्पट होती, गंभीर त्रासही त्यांनाच जास्त झाले. इथे लुटुपुटूचं ऑपरेशन नव्हतं, तेव्हा सगळा फरक नव्या सांध्याचाच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण तुलनेला समोर दुसरा गट तरी होता. त्या दुसऱ्या गटातल्या 50 पैकी 13 जणांनी वर्षाच्या आतच गुडघा बदलून घेतला. बाकीचे 37 निदान वर्षभर तरी जुन्याच गुडघ्यावर चालत राहिले.